तडाख्याच्या मुक्या चौकटी

एकोणिसावा अंक छापून बाजारात गेला त्याच आठवड्यात चित्रगुप्तानं आम्हाला चाळिसावा अंक काढून दाखवला, आणि त्यात माझ्यासाठी एक शब्द लिहायलाही जागा नव्हती.

बत्तीस पानं. प्रत्येक पानावर आमचा नायक तडाखा उभा, उजवी मूठ अर्धी उचललेली. मागे शहर, धूर, पळणारी माणसं. चौकट बदलली की माणसं थोडी पुढे गेलेली, धूर थोडा वर चढलेला, आणि तडाखा तसाच. शेवटच्या पानावरही तसाच.

"काय खोली आहे!" उपाध्ये सर म्हणाले. कंपनी त्यांची, त्यामुळे खोली कुठे आहे हे पहिल्यांदा त्यांनाच दिसायचं. "एक अख्खा अंक नायक नुसता विचार करतो. जगात कुणी केलंय का हे? सिनेमावाल्यांना हेच दाखवू."

सिनेमावाल्यांना पुढच्या दोन वर्षांची गोष्ट कुठे जाते ते बघायचं होतं, म्हणूनच चित्रगुप्ताला एवढा पुढचा अंक काढायला सांगितला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र ती पानं पुन्हा पुन्हा उलटत बसले. मला ते विचार करणाऱ्या माणसाचं चित्र वाटेना. स्वतःच आतून दार लावून घेतलेल्या आणि आता कडी न सापडणाऱ्या माणसाचं वाटत होतं. घरी गेल्यावरही मला स्वस्थ बसवेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि भाताची खीर करून ठेवली.

'तडाखा' आधी खेळ होता. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात तयार झालेला. यातला नायक शहरातला गोंगाट, म्हणजे हॉर्न, फौंड्रीतले घण, वरातीचे बँड, सगळा आपल्या हातमोज्यांत साठवतो आणि एका ठोशात सोडतो. त्याचा शत्रू चिडीचूप, जो लोकांचे आवाज चोरतो. कल्पना बाळबोध होती आणि म्हणूनच तुफान चालली. मग उपाध्ये सरांना वाटलं, यावर कॉमिकची मालिका काढू. मला संवाद लिहायला बोलावलं. मी रेवती मगदूम. तोवर शाळेची पुस्तकं आणि बियाण्यांच्या जाहिराती लिहून पोट भरत होते.

चित्रं काढायला माणूस नव्हता. चित्रगुप्त होता, एक प्रोग्राम. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण तो सगळ्यांच्या हातून काय घडलं ते टिपून ठेवायचा. खेळताना खेळाडूच्या मनगटाला एक पट्टा असतो. आपण बोट हलवायचं ठरवलं की मेंदूचा हुकूम नसांमधून विजेच्या बारीकशा लहरीसारखा खाली येतो आणि बोट हलायच्या आधी मनगटापाशी पोचतो. पट्टा ती लहर पकडतो. बटणं दाबायची भानगडच नाही. तुमचा इरादा झाला आणि लहर न तुटता पोचली की पडद्यावरचा तडाखा निघाला. त्यामुळे पट्ट्याकडे दोन नोंदी जमतात. हात काय करणार होता ही एक, आणि हातानं प्रत्यक्षात काय केलं ही दुसरी.

चित्रगुप्त या दोन नोंदींवरून पानं आखायचा. दोन्हींत अंतर नसेल तर एका चौकटीत ठोसा, संपलं. अंतर पडलं तर मधे एक चौकट जादा, नायक थांबलेला आणि बोलण्याचा रिकामा फुगासुद्धा नाही. तिला आम्ही मुकी चौकट म्हणायचो. सुरुवातीला बऱ्याच जणांच्या खेळावरून अंक काढून पाहिले. सगळे भांडी आपटल्यासारखे, धाड धाड धाड. मग आमच्या हाती एक खेळाडू लागला ज्याच्या खेळात मुक्या चौकटी होत्या. मालिका त्याच्यावरच बेतली. त्याचा खेळ म्हणजे तडाख्याचा स्वभाव, असं ठरून गेलं.

तो खेळाडू मीच आणला होता. इंद्रजित इंगवले. उद्यमनगरात त्याचं पॅटर्नचं दुकान आहे. लोखंड ओतण्याआधी साचा करायला लाकडाचा नमुना लागतो, तो तो बनवतो. कॉलेजात असताना व्हिडिओ गेममध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि एकदा आमचं लग्न ठरून मोडलं होतं.

मोडलं मीच. इंद्रजितचं डोकं म्हणजे स्टोव्हवरचं दूध, नजर हटली की उतू. साखरपुड्याच्या खरेदीला गेलो तर त्यानं पार्किंगवाल्याची गचांडी धरली, कारण काय तर तो 'ओ शुक शुक' म्हणाला. माझे वडील असेच होते. आमच्या घरी ताटं भिंतीवर आपटायची. मी आईला सांगितलं, पुन्हा नाही, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं आम्ही दोघंही एकेकटे राहिलो. रस्त्यात भेटलो तर बोलायचो. एवढंच.

मग सातवा अंक आला.

त्यात तडाखा चिडीचूपला बंद पडलेल्या गिरणीच्या छतावर गाठतो. त्याची मूठ वर, आणि चिडीचूपला पळायला जागा नाही. हजारो खेळाडूंनी या ठिकाणी क्षणाचाही विलंब न करता ठोसा मारला होता. इंद्रजितनं मारला नाही. तो थांबला. आणि तो थांबला म्हणून आम्हाला पहिल्यांदा कळलं की खेळ बनवणाऱ्या पोरांनी तिथे एक गंमत करून ठेवली होती: तडाखा काही सेकंद थांबला तर चिडीचूप मान वळवून समोरच्या चाळीतल्या एका खिडकीकडे बघतो. खिडकीत एक म्हातारी बसलेली असते, कानावर दोन्ही हात दाबून. ती त्याची आई. तिला आवाज सहन होत नाही. हा मुलगा अख्ख्या शहराचे आवाज का चोरतोय ते त्या एका नजरेत होतं, आणि आजवर ते कुणी पाहिलंच नव्हतं, कारण कुणी थांबलंच नव्हतं.

चित्रगुप्तानं त्या जागी सलग पाच मुक्या चौकटी काढल्या आणि सहावीत तडाख्याची मूठ खाली आली. मी त्या पानांवर रडले. वाचकही रडले. मालिका तिथून जी सुटली ती सुटलीच.

ती पानं घेऊन मी त्याच्या दुकानात गेले. तो रंधा मारत होता. मी विचारलं, "तू थांबलास कसा रे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "थांबलो खरं."

पूर्वीचा इंद्रजित असता तर म्हणाला असता, 'मग काय, तुला काय वाटलं, आम्ही नुसते धटिंगण होय?' हा दुसराच कुणीतरी होता. शांत चेहरा, सावकाश बोलणं, उत्तराआधी थांबणं. मी भुशात स्टूल ओढून बसले आणि मग रोजच बसायला लागले. पुढचे बारा अंक आम्ही असेच काढले, तो खेळायचा आणि मी लिहायची. दिवाळीनंतर रजिस्टर लग्न करायचं ठरलं. माझ्या आईनं विचारलं, "त्याच्या रागाचं काय?" मी म्हणाले, "आई, तो बदलला. माझ्याकडे छापील पुरावा आहे."

चाळिसावा अंक बघून दोन दिवसांनी मी यास्मिनच्या टेबलाशी गेले. यास्मिन मुल्ला चित्रगुप्ताची देखभाल करते. मी विचारलं, "हा पुढचा अंक त्यानं कुठून आणला?"

"कुठनं आणणार? आतापर्यंतच्या अंकांत जे वाढत गेलंय ते त्यानं पुढं वाढवलं. मुक्या चौकटी अंकागणिक वाढाल्यात, ताई. सरळ हिशोब केला त्यानं."

"पण का वाढाल्यात?"

यास्मिननं ओठ चावला. तिनंही ते आधी पाहिलं होतं हे मला तिच्या तोंडावरच दिसलं. तिनं अठराव्या अंकातल्या एका मुक्या चौकटीमागची नोंद उघडली. पडद्यावर एक रेघ आली.

"हे बघा. तुम्ही मुद्दाम थांबलात तर इराद्याची रेघ वर येतच नाही. गप पडून असती. ह्यात काय झालंय?" रेघ वर चढली होती, तुटली होती, पुन्हा चढली होती, पुन्हा तुटली होती. "हुकूम निघालाय. तो पोचंना झालाय. थांबलेला माणूस आणि अडकलेला माणूस ह्यात फरक असतोय, ताई."

तिनं आणखी चार-पाच नोंदी उघडल्या. सगळीकडे तीच चढणारी, तुटणारी रेघ. आम्ही ज्याला स्वभाव म्हणून विकत होतो तो कुठे दिसेना.

"सातव्याची काढू का?" तिनं विचारलं.

"नको," मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या पोरानं मान वर केली.

मज्जातंतूंचे डॉक्टर नेर्लेकर माझं बोलणं ऐकून आधी हसले. कॉमिकवरून रोग सांगत नाहीत म्हणाले. मग यास्मिननं दिलेल्या रेघा पाहिल्यावर हसायचे थांबले आणि एकेक प्रश्न विचारू लागले. आवाज हळू झालाय का? चेहऱ्यावर पूर्वीइतके भाव दिसतात का? चालताना एक हात कमी हलतो का? वास येतात का? मी हो, नाही, हो, नाही अशी उत्तरं देत गेले. डॉक्टर लक्षणं सांगत होते आणि मला वाटत होतं, ते माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे गुण सांगताहेत. तो शांत चेहरा. ते हळू बोलणं. घरामागच्या गटाराबद्दल महापालिकेला शिव्या देणं बंद झालं होतं, त्याला मी समजूतदारपणा म्हणत होते. त्याला वासच येत नव्हता.

"कंपवात असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "कंप नंतरही येतो, सगळ्यांना आधी दिसतोच असं नाही. मेंदूत एक रसायन कमी पडतं आणि हालचालीचे हुकूम मधेच अडकतात. रोग मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी हालचाल पुष्कळ परत मिळते. माणसाला आणा, मी तपासतो. काम काय करतात?"

"लाकडाचं. विजेवर फिरणारी पट्टी करवत आहे दुकानात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग लवकर आणा."

मी थेट दुकानात जायला हवं होतं. गेले ऑफिसात, कारण यास्मिननं रेघा बाहेर दिल्या हे उपाध्ये सरांना कळलं होतं आणि त्यांनी बोलावणं पाठवलं होतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. "रेवती, कायदा माहितीये ना तुम्हाला? शरीराच्या नोंदीला डॉक्टरनं रोगाचं नाव दिलं की ती नोंद कंपनीची राहत नाही, त्या माणसाची होते. सीलबंद. एकोणीस अंकांचा पाया निघून जाईल. तडाखा संपेल. तुमचा तडाखा."

"त्याच्या दुकानात करवत आहे, सर."

"मी कुठे म्हणतो सांगू नका? चोविसाव्यापर्यंत थांबा. सिनेमाचा करार होईल. मग तुम्हीच त्यांना सर्वांत चांगल्या डॉक्टरकडे न्या, खर्च कंपनीचा. इतकी वर्षं गेली, चार-पाच महिन्यांत काय होतंय?"

मी बाणेदारपणे उठून निघून आले असं लिहायला मला आवडलं असतं. मी कॉफी संपवली. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला गोड लागलं, आणि ते तडाख्यासाठी नाही. गोळ्या सुरू झाल्या की कोण परत येणार होतं ते मला ठाऊक होतं. पार्किंगवाल्याची गचांडी धरणारा. मी ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं तो माणूस त्या रसायनाच्या कमतरतेनं तयार झाला होता की काय, आणि डॉक्टर त्याला दोन महिन्यांत पुसून टाकणार होते. थोडे दिवस, मी मनाशी म्हणाले. थोडेच दिवस.

ते दिवस मी वेड्यासारखी वागले. इंद्रजितच्या नाकाखाली हिंगाची डबी धरली आणि "कसा वास आहे?" विचारलं, तो म्हणाला, "छान आहे." मिसळ खायला गेलो तेव्हा मी मुद्दाम वेटरशी भांडण उकरलं आणि याच्या तोंडाकडे बघत राहिले, राग येतो का, आत कुठेतरी येतो का. तो माझ्याकडे बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "रेवती, तू मला का तपासालीस?"

मी म्हणाले, "छे! काहीतरीच काय."

तो हसला. हसू ओठांपाशीच थांबलं. पूर्वी मला ते हसू फार समंजस वाटायचं. आता मला त्याच्या चेहऱ्यावरचं काहीच वाचता येईना. हात धरला तर बोटं मोजायची, बोलला तर सेकंद. जवळ बसलेल्या माणसाची मला इतकी आठवण येत होती की सांगता सोय नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी, मी दुकानात शिरले तेव्हा तो करवतीशी उभा होता. पट्टी गरगरत होती. तो एक जाड फळकूट दोन्ही हातांनी पात्याकडे सरकवत होता आणि ते सरकायचं थांबलं होतं. पातं एकाच जागी लाकूड जाळत होतं. सगळ्या दुकानात जळका वास भरला होता, मला दारातच ठसका लागला, आणि त्याला काही पत्ता नव्हता. उजवा अंगठा पात्यापासून दोन बोटांवर. डोळे पात्यावर. तो खांद्यानं जोर लावत होता आणि अंगठा ना पुढे जात होता ना मागे.

मी धावत जाऊन भिंतीवरचा खटका खाली ओढला.

पातं हळूहळू थांबलं. मग मी सगळं सांगितलं. चाळिसावा अंक, रेघा, डॉक्टर, उपाध्ये सर, कॉफी. काही लपवलं नाही. मी किती दिवस गप्प होते तेही सांगितलं, आणि का गप्प होते तेही.

तो फळकुटावर हात ठेवून ऐकत होता. मी बोलायची थांबल्यावर बराच वेळ गेला. मला ती मुकी चौकट ओळखीची होती आणि आता तिच्यात काय आहे ते मला अजिबात कळत नव्हतं.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "तू माझ्या रोगाशी लग्न ठरवलंस व्हय?"

त्यानं जळकं फळकूट पात्यापासून ओढून बाजूला ठेवलं. तो म्हणाला, "डॉक्टरचा पत्ता दे. आणि आता जा तू."

नेर्लेकरांनी तपासलं, मेंदूचं चित्र काढलं, नाव दिलं. तोवरच्या नोंदी सीलबंद झाल्या. गणपती विसर्जनाच्या सुमाराला गोळ्या सुरू झाल्या आणि नवरात्र सरेपर्यंत इंद्रजितचे हात सुटले. हे मला त्यानं सांगितलं नाही. विसाव्या अंकावरून कळलं. करारामुळे तो अजून आमचा खेळाडू होता. आला, पट्टा बांधला, खेळला, माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. त्या अंकात तडाख्यानं निम्म्या पानांतच सगळ्यांना झोपवलं. चित्रगुप्ताला उरलेली पानं भरायला इमारती काढाव्या लागल्या. वाचकांनी शिव्या घातल्या. सिनेमावाले फोन उचलेनासे झाले. उपाध्ये सरांनी मला बोलवून घेतलं, कॉफी मात्र मागवली नाही.

माझ्या आईनं एकदाच विचारलं, "पत्रिका छापायची का नाही?" मी म्हणाले, छापू नको आणि रद्दही करू नको. ती म्हणाली, "असं कुठं असतं होय?" मलाही माहीत होतं, असं नसतं. तरी मी फोन उचलायची आणि ठेवायची. त्याला काय सांगणार होते? की मला तू हवा आहेस, पण आधीचा कोण आणि नंतरचा कोण ते मला ठरवता येत नाही? ज्याच्या रागाला भिऊन मी एकदा पळाले होते त्याला मी स्वतः डॉक्टरकडे पाठवून परत आणलं होतं, आणि मला त्याची भीतीही वाटत होती आणि त्याच्यावाचून चैनही पडत नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो ऑफिसात शिरला. जिन्यावरूनच आवाज आला, दोन वर्षांत न ऐकलेला, भरघोस. "यास्मिन! सातवा अंक उघड. छतावरचा."

यास्मिननं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिच्याकडं काय बघालीस? नोंद माझी हाय. मी म्हणालोय, उघड."

"इंद्रजित, राहू दे," मी म्हणाले.

"का राहू दे? तुला रोज तेच डोक्यात असणार. मलाबी तेच हाय. बघून टाकू एकदा."

रेघ पडद्यावर आली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. रेघ उभी चढली होती, अगदी टोकापर्यंत, आणि तुटली होती. पुन्हा चढली, पुन्हा तुटली. ज्या पाच चौकटींवर मी रडले होते, ज्या दाखवून आईला गप्प केलं होतं, त्या पाचही चौकटींत तो माणूस पूर्ण ताकदीनं ठोसा मारायचा प्रयत्न करत होता. म्हणजे तेव्हाही. अगदी पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"मारायचाच होता मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तू दुकानात येऊन विचारलंस तवाच सांगायला पायजे होतं. तू अशी बघालतीस माझ्याकडं, की मला सांगवलं नाही. हात उठला नाही, एवढंच होतं ते."

"ठीक आहे," मी म्हणाले. "कळलं मला."

"काय कळलं? रेघ संपली कुठं अजून?" त्यानं पडद्यावर बोट आपटलं. "हितं बघ. हितं हात सुटला."

तुटक्या शिखरांच्या पुढे रेघ खाली आली होती. तिथून पुढे ती जमिनीला लागून सरळ गेली होती. यास्मिन पुढे वाकली. "व्हय ताई. इथं अडथळा गेलाय. इथनं पुढं हात मोकळा आहे. चिडीचूप अजून समोरच उभा आहे, आणि ह्यांनी हुकूमच सोडला नाही."

"तो खिडकीकडं बघालता," इंद्रजित म्हणाला. "त्याची म्हातारी दिसली मला. मग कशाला मारू?"

आम्ही कुणी ती बाजू पाहिलीच नव्हती. चित्रगुप्त इरादा अडला की चौकट काढायचा आणि इरादा नसला की पुढे जायचा. तुटलेल्या रेघेला त्यानं पाच चौकटी दिल्या होत्या. या सरळ रेघेला एक, मूठ खाली आलेली. तिच्यावर मी कधी थांबलेच नव्हते.

इंद्रजित खुर्चीवर बसला. आवाज जरा खाली आला, पण रोगानं येतो तसा नाही. "हे बघ रेवती. त्या रोगानं मला म्हातारी दिसंपर्यंत वेळ दिला. आता गोळ्या हाईत. आता हात लगेच उठतोय. परवा गॅसवाल्यावर असा ओरडलो की तो सिलिंडर रस्त्यात टाकून गेला. मग मला तू आठवलीस, आणि मीच सिलिंडर उचलून आत नेला. आता थांबायचं झालं तर मला माझं मीच थांबाय लागणार. जमंल, न जमंल, मी लिहून देत नाही. आणि आणखी दहा वर्षांनी हा रोग मला कुठं नेऊन ठेवंल, तेबी तू चाळिसाव्या अंकात बघितलंयस. तू ठरव. मला दया नको, एवढं मात्र बघ."

"गॅसवाल्याची माफी मागितलीस का?" मी विचारलं.

तो गोंधळला. "नाही अजून."

"मग आधी तिकडे जाऊ. नंतर आईकडे, पत्रिका छापायच्यात."

यास्मिननं पडदा बंद केला आणि तोंड फिरवून नाक पुसलं. आम्ही जिना उतरलो. खाली कुणीतरी त्याच्या मोटरसायकलीला आडवी गाडी लावून ठेवली होती. इंद्रजितनं एकदा गाडीकडे पाहिलं, आणि अख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली. पानाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, थेट लहानपणीच्या घरातला. भीती वाटली, ते कशाला नाकारू?

गाडीचा मालक धावत आला, हात जोडत. इंद्रजित त्याच्याकडे बघत उभा राहिला. काय करणार ते मला माहीत नव्हतं, आणि आता ते सांगणारी रेघही माझ्यापुढे नव्हती.

"काढा ओ," तो शेवटी म्हणाला, "लग्नाच्या घाईत आहे."

मी मागे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हळू चालव."